चष्मा काढून केलेली सही

सही केली तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ऑपरेशनला नेण्याआधी अंगावरच्या सगळ्याच वस्तू काढून ठेवतात, तसा तोही काढून ठेवला होता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या छताचे दिवे नुसते पांढरे डाग दिसत होते. तेवढ्यात सिस्टर फाइल घेऊन आल्या. "मॅडम, एक सही राहिली." कशाची, मी विचारलं. "नेहमीचीच हो. सगळ्यांचीच घेतो." त्यांनी कागदावर बोट टेकवलं आणि मी त्या बोटाच्या शेजारी सही केली. आडवं पडून, हवेत धरलेल्या फाइलवर केलेली सही. बँकेने ती परत पाठवली असती.

गर्भाशयात गाठी होत्या, फायब्रॉइड्स. गाठी काढायच्या आणि गर्भाशय ठेवायचं, असं ठरलं होतं. निदान माझ्या डोक्यात तेवढंच ठरलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे आधीच सांगते. पुढचं वाचताना कोणाला वाटायला नको की माझ्या बाबतीत काही भयंकर घडलं. गाठी निघाल्या, गर्भाशय राहिलं, चौथ्या दिवशी मी घरी आले. मग दीडेक महिन्याने विम्याच्या कामासाठी फाइलची प्रत मागवली आणि टेबलाशी बसून, चष्मा लावून, माझ्याच सहीचा कागद पहिल्यांदा वाचला. बारीक टायपात एक ओळ होती: आवश्यकता भासल्यास गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकण्यास माझी संमती आहे, आणि त्याचे परिणाम मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आले आहेत.

मला कोणीही काहीही समजावून सांगितलं नव्हतं.

त्या ओळीला वैद्यकीय कारण आहे, ते मी पुढे समजून घेतलं. गाठी काढताना कधीकधी रक्तस्राव आटोक्यात येत नाही, आणि मग जीव वाचवायचा तर गर्भाशय काढावं लागतं. हे खरं आहे आणि डॉक्टरांनी त्याची तयारी ठेवणं बरोबरच आहे. पण हे मला आदल्या दिवशी, खुर्चीवर बसलेली असताना, अंगावर माझे कपडे असताना सांगता आलं असतं. मी कदाचित रडले असते. चार प्रश्न विचारले असते, रात्रभर कूस बदलली असती आणि सकाळी बहुतेक सहीच केली असती. आणि बीजांडकोश कशासाठी? गर्भाशयातून होणारा रक्तस्राव थांबवायला धडधाकट बीजांडकोश काढायची गरज सहसा पडत नाही. ते काढले की पाळी जाण्याचं वय एका दिवसात येऊन ठेपतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. एवढं सगळं त्या 'व' या एका अक्षरात होतं.

तो 'व' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी वाचत गेले, आधी गाठींबद्दल, मग संमतीबद्दल. आणि मला जे सापडलं त्याने मी हबकले. संमतीच्या कायद्याची चर्चा ज्या जुन्या खटल्यापासून सुरू होते, तो खटला एका बाईचा आहे. आणि तिच्याही पोटात फायब्रॉइडच होतं.

१९०८ साली मेरी श्लोएनडॉर्फ नावाची बाई पोटाच्या तक्रारीसाठी न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात दाखल झाली. पोटात गाठ लागली. ती कसली आहे हे ईथरची भूल देऊन तपासल्याशिवाय कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती म्हणाली, तपासा, पण ऑपरेशन करायचं नाही. हे तिने एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं, असं तिचं म्हणणं नोंदलं गेलं आहे. शुद्धीवर आली तेव्हा गाठ काढलेली होती. नंतर तिच्या हाताला गँगरीन झालं आणि काही बोटं कापावी लागली. १९१४ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिलं की सज्ञान आणि मन ठिकाणावर असलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क आहे. त्या वाक्याची उजळणी जगभरचे वकील आणि डॉक्टर आजही करतात. फार थोड्यांना माहीत असतं की ज्या बाईमुळे ते वाक्य लिहिलं गेलं, ती खटला हरली. इस्पितळ धर्मादाय आहे, सर्जनच्या कृत्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असं न्यायालय म्हणालं. हक्क तिचा मान्य झाला, पण हाती काहीच आलं नाही. आणि मूळ इंग्रजीत ते वाक्य पुल्लिंगी आहे. मराठीत 'आपल्या' म्हणून आपण सुटतो, तिथे 'त्याच्या शरीराचं' असं आहे.

आता दुसरी गोष्ट. ही भारतातली, १९९५ सालची. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री, पाळीचा रक्तस्राव लांबतोय म्हणून डॉक्टरकडे गेली. भूल देऊन दुर्बिणीने तपासू, असं ठरलं. ती टेबलावर बेशुद्ध असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि बाहेर बसलेल्या आईकडून संमती घेतली. मुलगी शुद्धीवर आली तेव्हा गर्भाशय नव्हतं, बीजांडकोश नव्हते, बीजवाहिन्याही नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही. रुग्ण सज्ञान असेल, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या वतीने आईसुद्धा हो म्हणू शकत नाही. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये.

१९१४ आणि २००८. दोन खंड, मध्ये चौऱ्याण्णव वर्षं, आणि गोष्ट जवळपास तीच: तपासा म्हणाले होते, कापा म्हणाले नव्हते. मला वाटतं, यात वाईट डॉक्टरांचा भाग कमी आहे. दोन्हीकडच्या डॉक्टरांना मनापासून वाटलं असणार की आपण हिचं भलंच करतोय. गाठ आहे ना, मग काढून टाकू. पाळीचा त्रास आहे, वय चव्वेचाळीस आहे, लग्न झालेलं नाही, मग गर्भाशय हवंय कशाला? हा 'कशाला' फार जुना आहे. बाईच्या शरीरातला एखादा अवयव कशासाठी आहे हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, आणि ते काम झालं किंवा होणार नाही असं वाटलं की तो अडगळीत जमा होतो. आपणही बोलताना 'पिशवी' म्हणतो. पिशवी काढली. रिकामी पिशवी ठेवून करायचंय काय!

या 'कशाला'चा उलटा प्रकारही असतो. ब्रिटनमधल्या एका निकालात तो स्पष्ट दिसतो. नादिन माँटगोमेरी यांना मधुमेह होता, चण लहान होती, बाळ मोठं होतं. अशा बाळंतपणात बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते. डॉक्टरांना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. का, तर सांगितलं असतं तर बाई सिझेरियनच मागेल, आणि ते तिच्या हिताचं नाही असं डॉक्टरांचं मत होतं. १९९९ मध्ये बाळाचे खांदे अडकले आणि प्राणवायू न मिळाल्याने त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: बाकीचे डॉक्टर साधारणपणे काय सांगतात ही मोजपट्टी चालणार नाही, या बाईच्या जागी असलेल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटेल, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या २००८ च्या निकालाने मात्र ती जुनी ब्रिटिश मोजपट्टीच धरली होती. आईच्या सहीला नाही म्हणणारा तो निकाल मला मोठा वाटतो, आणि किती सांगायचं हे पुन्हा डॉक्टरांच्या रिवाजावर सोडणारा भाग तितकाच खटकतो.

कारण सांगण्याला वेळ लागतो, आणि सांगण्याला भाषा लागते. संमतीचा सगळा प्रश्न मला हल्ली या दोन गोष्टींत दिसतो.

२ जानेवारी २००१ ला हंगेरीत रोमा (जिप्सी) समाजातल्या एका स्त्रीला रुग्णवाहिकेतून इस्पितळात आणलं. बाळ पोटातच गेलं होतं, तिचं खूप रक्त गेलं होतं. टेबलावर असताना तिच्याकडून सिझेरियनच्या संमतीवर सही घेतली. त्याच कागदावर डॉक्टरांनी हाताने, जेमतेम वाचता येईल अशा अक्षरात आणखी एक मजकूर लिहिला होता, तिच्या नसबंदीचा. त्यात नसबंदीसाठी वापरलेला शब्द लॅटिन होता. तो तिला माहीत नव्हता. रुग्णवाहिका दारात आल्यापासून दोन्ही शस्त्रक्रिया उरकेपर्यंत सतरा मिनिटं लागली. घरी जाण्याआधी तिने डॉक्टरांना विचारलं, पुन्हा मूल होऊ द्यायला किती दिवस थांबू? तेव्हा तिला त्या शब्दाचा अर्थ कळला. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या, स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला.

सतरा मिनिटं. मी हा आकडा कितीतरी दिवस मनात घोळवत होते. त्यात तिला उचलून आत नेलं, कपडे काढले, रक्त तपासलं, भूल दिली, आणि त्यातच केव्हातरी एक पेन तिच्या हातात दिलं. त्या पेनाला किती सेकंद मिळाले असतील?

माझ्या पेनालाही पाचेक सेकंदच मिळाले होते. पण माझी तिच्याशी बरोबरी नाही, हेही मला नीट कळतं. मी शिकलेली आहे, माझ्याकडे विमा होता, मला फाइलची प्रत मागता आली. मी 'थांबा, मला चष्मा द्या' म्हणाले असते तर सिस्टर वैतागल्या असत्या, पण त्यांनी तो दिला असता. मी म्हटलं नाही, कारण भिडस्तपणा, भीती आणि आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको ही बायकांच्या हाडात मुरलेली सवय. जिला नाही म्हटलं तर दुसरं इस्पितळच नाही, जिच्या अंगावर गरिबी, जात, वंश किंवा अपंगत्व पाहून आधीच शिक्का बसलेला आहे, तिच्या 'हो'चं काय करायचं?

१९९४ मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रिया जमल्या होत्या. त्यांनी नेमका हाच प्रश्न धरला आणि 'प्रजनन न्याय' हा शब्द घडवला. तोवर सगळी भाषा निवडीच्या स्वातंत्र्याची होती: गर्भपात करायचा की नाही, ते बाईला ठरवू द्या. त्या म्हणाल्या, ते हवंच. पण आमच्या आयाबहिणींना मूल होऊ नये म्हणून न विचारता नसबंदी केली गेली, त्याचं काय? मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुरक्षित जागी वाढवता येण्याचा हक्क, हे तिन्ही एकत्रच मागायला हवेत. हा विचार वाचला तेव्हा मला छत्तीसगडमधल्या बिलासपूरची आठवण झाली. नोव्हेंबर २०१४ मधलं नसबंदीचं शिबिर. बंद पडलेल्या इस्पितळाची इमारत, एक सर्जन, काही तासांत ८३ शस्त्रक्रिया. त्या जिल्ह्यातल्या त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनाहून जास्त बायका गेल्या. त्यांच्या कागदांवरही संमतीच्या खुणा असणारच. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सांगितलं.

आणि ज्यांच्या सहीची कोणाला गरजच वाटली नाही, त्याही आहेत. अनार्का, बेट्सी, ल्युसी. १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्स या सर्जनने बाळंतपणात मूत्राशयाला पडणारं भोक शिवण्याची पद्धत या आणि अशाच गुलाम स्त्रियांवर शोधली, भूल न देता. एकट्या अनार्कावर तीसेक शस्त्रक्रिया झाल्या. परवानगी त्यांच्या मालकांची होती. त्या पद्धतीने पुढे असंख्य बायकांचे हाल थांबले, हे खरंच आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगताना घसा दाटतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. मालकाची परवानगी म्हटलं की मला दर वेळी फॉर्मवरचा 'पती/नातेवाईक यांची सही' हा रकाना आठवतो. दोन्ही एकच, असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते, नसबंदीलाही नवऱ्याची सही लागत नाही. तरी 'यजमान आलेत का?' हा प्रश्न आधी येतो.

भाषेबद्दल लिहायचं राहिलं, आणि ते लिहिताना मी अजूनही अडखळते.

गाठी तीन वर्षांनी परत आल्या. त्या येतात, गर्भाशय आहे तोवर येऊ शकतात. या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, "शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं का?" आवाज तोच, ज्या आवाजात त्यांनी मिनिटापूर्वी झोपेबद्दल विचारलं होतं. मी गप्प. माझं वय त्रेचाळीस, आणि इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरने मला हे विचारलं नव्हतं. दुखत होतं. दोन वर्षं दुखत होतं. ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. 'तिथे', 'खाली', 'आतल्या बाजूला' असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी कागद घेतला, चित्र काढलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दाखवा."

आमच्याकडे शब्द नाहीत याचं मला नवल वाटत नाही, कारण शास्त्राकडेही पुष्कळ काळ चित्र नव्हतं. होतं, आणि हरवलं, असं म्हणायला हवं. १६७२ मध्ये डच शरीरशास्त्रज्ञ रेनिये द ग्राफने क्लिटोरिसचं, म्हणजे बाईच्या लैंगिक सुखाच्या अवयवाचं, सविस्तर वर्णन केलं होतं, आणि बाकीचे शास्त्रज्ञ हा अवयव नसल्यासारखे वागतात अशी तक्रारही केली होती. १८४४ मध्ये कोबेल्ट या जर्मनाने आतल्या भागांसकट त्याची बारीक चित्रं छापली. तरी विसाव्या शतकातल्या पुष्कळ पाठ्यपुस्तकांत त्याची जागा एका ठिपक्याएवढीच राहिली. १९८२ मध्ये प्रोस्टेटचं ऑपरेशन करताना पुरुषाची लैंगिक क्षमता टिकावी म्हणून त्यासाठी लागणाऱ्या नसा वाचवण्याची पद्धत पॅट्रिक वॉल्श यांनी शोधून काढली. बाईच्या ओटीपोटात चाकू चालवताना कोणत्या नसा वाचवायच्या, याचा नीट नकाशाच हाताशी नव्हता. मेलबर्नच्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी मृतदेहांचं विच्छेदन करून १९९८ मध्ये दाखवून दिलं की बाहेर दिसतं ते या अवयवाचं टोक आहे. बाकीचा सगळा भाग आत, मूत्रमार्ग आणि योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला आहे. १९९८! माझं कॉलेज तेव्हा सुरू होतं. मराठीत या अवयवाला पुस्तकी शब्द आहे, शिश्निका. छोटं शिश्न. नाव दिलं तेही पुरुषाच्या मापाने.

म्हणून जेव्हा कागदावर 'परिणाम समजावून सांगितले' असं छापलेलं असतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की त्यात सुख होतं का? जखम किती दिवसांत भरेल, टाके कधी काढायचे, जिना कधी चढायचा, हे सांगतात. पुन्हा जवळ येणं कधी, आणि तेव्हा काय वेगळं वाटेल, हे विचारायची लाज मला आणि सांगायची घाई त्यांना.

या डॉक्टरांनी सांगितलं. तीन मार्ग होते: गाठीच काढणं, औषधांवर काही वर्षं रेटणं, गर्भाशय काढणं. प्रत्येकात काय मिळेल आणि काय जाईल, हे त्या सावकाश बोलल्या. मग म्हणाल्या, "आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. कुठे चुकलं तर माझं सांगणं चुकलं." मी दोन ठिकाणी चुकले. त्यांनी पुन्हा सांगितलं. तपासताना त्या म्हणाल्या, "दुखलं तर थांबा म्हणा." मी थांबा म्हणाले, आणि त्या खरंच थांबल्या. हात बाजूला घेतला आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. एवढंच. पण पंचवीस वर्षांत किती वेळा तपासणीच्या टेबलावर मी ओठ दाबून 'ढिलं सोडा, ढिलं सोडा' ऐकलंय, ते सगळं त्या अर्ध्या मिनिटात आठवलं.

फॉर्म मी घरी आणला. पाच दिवस तो टेबलावर होता. मुलं हवीत की नकोत हा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच मिटला होता, तरी गर्भाशयाचा विचार करताना मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मी कोणाला समजावायला गेले नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "मला तर विचारलंही नव्हतं गं. काढली म्हणून नंतर सांगितलं." एवढी वर्षं मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी मी 'गर्भाशय काढण्यास' याखाली रेघ ओढली आणि 'व बीजांडकोश' हे शब्द खोडले. शेजारी लिहिलं: बीजांडकोश निरोगी असल्यास ठेवावेत, याबद्दल डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. खाली सही केली. ही सही माझ्या बाकीच्या सह्यांसारखी आली.

ऑपरेशनच्या सकाळी नवीन सिस्टर वस्तूंची पिशवी घेऊन आल्या. मी म्हणाले, चष्मा भूल देईपर्यंत राहू दे. त्यांनी क्षणभर विचार केला, आत जाऊन विचारून आल्या आणि म्हणाल्या, राहू दे. ऑपरेशन थिएटरमधले चेहरे मला स्पष्ट दिसत होते. भूलतज्ज्ञांनी माझं नाव विचारलं, कशाचं ऑपरेशन आहे ते माझ्याच तोंडून ऐकलं. मग सिस्टर वाकल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता काढू का?"

मी हो म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढला.